गारा पडत होत्या तेव्हा

फाल्गुनात मी ताईच्या शेतावर गेले होते. भरदुपारी आभाळ काळवंडलं आणि वाऱ्यानं घरावरचा पत्रा उडवून नेला. ताई, दाजी, त्यांची लहानगी मुक्ता आणि मी शेजारच्या दगडी गोठ्यात धावलो. मागोमाग गारा कोसळू लागल्या. बाहेर काढणीला आलेला गहू होता. दाजी दारातून नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

आत गाय बिथरून दावं ओढत होती. ताई तिची मान खाजवत हळू बोलू लागली, "भिऊ नको बाई. थांबेल आता. आम्ही आहोत ना इथं."

गाय शांत झाली, रवंथ करू लागली. मुक्ता तिच्या उबदार पोटाला टेकली. मग दाजीही आत आले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्याला धीर द्यायचा तर आधी तो आपल्याजवळ हवा, असं मला वाटायचं. ताईजवळ तो नव्हता, तिचा आवाज कापत होता. तरी ती देत राहिली, आणि देता देता तिलाही तो मिळत गेला.

गारा थांबल्या तेव्हा गहू आडवा झाला होता.

"जनावरांना तरी होईल," दाजी म्हणाले.

"होईल की," म्हणत ताई विळा शोधायला उठली.