डमी मजकुरातली सासू

भूतखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या सोसायटीत जी काही भुतं फिरतात ना, ती सगळी मीच सोडलेली आहेत. लिफ्टमधल्या हिरव्या साडीवाल्या बाईची गोष्टसुद्धा माझीच. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसणार हे धरूनच लिहितोय...

आम्ही राहतो कोपरखैरण्याला. मुलगी मुक्ता खारघरच्या कॉलेजात कॉम्प्युटरला. शेवटच्या वर्षाचा ग्रुप प्रोजेक्ट म्हणून तिच्या टीमने वेबसाइट करायला घेतली – बोनकोडे गावातल्या बायकांच्या बचत गटाची. या बायका आगरी मसाला करून विकतात. सरांची अट अशी, की गटाच्या प्रमुख वनिताकाकूंनी साइट पाहून होकार दिला, तरच ती सबमिट करायची.

सगळं तयार होतं. अडलं ते 'आमची गोष्ट' या पानावर. मसाला काकूंच्या सासूबाईंनी सुरू केला, एवढंच पोरांना ठाऊक. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झालेली. पुढे काही विचारलं, की काकू म्हणायच्या, "तिचा माझा कदी जमला नाय. दुसरा काय तरी विचारा." विषय बंद.

अशा वेळी पान रिकामं दिसू नये म्हणून पोरं तिथे डमी मजकूर भरून ठेवतात आणि खरा आला की बदलतात. मुक्ता लॅटिनसारखं काहीतरी अगम्य चिकटवत होती. बाप घरात असताना लॅटिन कशाला, असं म्हणत मी लॅपटॉप ओढला आणि चहा निवायच्या आत एक सासू उभी केली. डावखुरी – मुसळ कायम डाव्या हातात. मिरच्या कांडताना दाढेखाली लवंग धरणारी, म्हणजे तोंड बंद राहतं. आणि नवी सून कांडायला लागली, की तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसणारी... सुनेचं चुकलं तरी आपण ते पाहिलं असं तिला वाटू नये म्हणून.

मुक्ता हसली. काकूंना दाखवायला जायच्या आधी काढून टाकते म्हणाली.

अर्थातच ते राहिलं. टीममध्ये चौघं, प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने काढलं.

शनिवारी दुपारी आम्ही काकूंच्या ओटीवर. (मीसुद्धा! समोर चार माणसं जमणार असली, की मला घरी बसवत नाही.) काकूंनी फोटो पाहिले, ऑर्डरचं पान पाहिलं, खूश दिसल्या. मग 'आमची गोष्ट' उघडलं. मुक्ताने माझ्याकडे कसं पाहिलं, ते इथे लिहीत नाही. टीमचा लीडर प्रणव घाईघाईने पान बंद करायला गेला, तर काकूंनी त्याचा हात बाजूला केला. ओठ हलवत त्यांनी ते वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

"ह्या कोनी सांगला तुमाला?"

कुणीच नाही, मी म्हटलं, हे मी मनाने लिहिलंय. मुक्ताने माफी मागितली, प्रणवने मागितली. प्रोजेक्ट बुडाला, असं मी धरून चाललो होतो.

काकू उंबऱ्याकडे बघत होत्या. "तितंच बसायची," त्या म्हणाल्या. "पाठ करून. मना वाटायचा, तिला माझा तोंड बगायचा नाय."

"काकू, शपथेवर सांगतो, मनाने लिहिलंय."

"मनानं लिवला..." त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मंग डावा हात कुठशी आला? लवंग कुठशी आली?"

मी लॅपटॉप ओढला आणि माझंच लिखाण परत वाचायला लागलो.

थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मुक्ताला म्हणाल्या, "पोरी, ह्या काडू नको. बाकी तुमचा चालंल."

प्रोजेक्ट पास झाला. पान अजून तसंच आहे. त्यात काकूंनी फक्त सासूबाईंचं नाव घालायला लावलं. आता मी बोनकोड्यात त्याआधी कधी मासळी घेण्यापलीकडे थांबलेलो नाही, त्या घरातलं कुणी ओळखीचं नाही, आमच्या नात्यात कुणी डावखुरं नाही. मुक्ताने मला उलटसुलट विचारून पाहिलं. हाती काही लागलं नाही.

लिफ्टमधल्या बाईवर आमची सोसायटी डोळे झाकून विश्वास ठेवते. ही गोष्ट सांगितली, की मात्र सगळे डोळा मारतात – कुठून कळलं, आता खरं सांगा!

खरंच सांगतोय हो... मला माहीत नाही.