दुसऱ्या गोलकीपरचं काम

धाकट्याला परदेशातल्या क्लबने गोलकीपर म्हणून घेतलं, तेव्हा ताईने सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतली. पण वर्षं सरत गेली तरी टीव्हीवर तो दिसायचा बाकावरच, मांडीवर हातमोजे घेऊन.

"अरे, बसायलाच जायचं होतं तर आपला बसस्टॉप काय वाईट होता?" ताई फोनवर म्हणायची.

"तिथे पगार देत नाहीत, ताई."

क्लबचा पहिला गोलकीपर म्हणजे कप्तान. तो धडधाकट असेपर्यंत दुसऱ्याला मैदान मिळत नाही. दुसऱ्याचं काम एवढंच, की मॅचआधी पहिल्याला तयार करायचं. खाली, वर, डावीकडे, उजवीकडे बॉल मारत राहायचं. धाकटा ते मन लावून करी. नव्या शहरात खोली शोधून देणारा, आजारपणात डबा पाठवणारा कप्तानच होता. त्याच्या वाईटावर टपून बसणं धाकट्याला कधी जमलं नाही.

त्या हंगामाअखेर मात्र धाकट्याचा करार संपत होता आणि तो वाढवायची भाषा कोणी करत नव्हतं. परत जायचं त्याला दुःख नव्हतं. एकही मॅच न खेळता परत जायचं, हे मात्र घशाखाली उतरत नव्हतं.

अशाच एका मॅचआधी कप्तान बुटाची नाडी बांधायला त्याच्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "आज माझ्या डावीकडे उंच मारू नकोस. खांदा गेलाय."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगून बाहेर बसू? ह्या वयात एकदा बसलो की संपलंच. बसणं काय असतं, ते तुला वेगळं सांगायला हवं का?"

प्रशिक्षक रेषेपाशीच उभे होते. धाकट्याने उजवीकडे बॉल मारले. कप्तानाने ते झोकात अडवले. प्रशिक्षकांनी मान डोलावली, तसा धाकटा बॉलवर पाय ठेवून थांबला. समोरच्या संघाला हा खांदा कळायला किती वेळ लागणार? हे बोलायलाच हवं होतं. पण बोललं की हातमोजे आपल्याच हातात येणार! योग्य काय आणि आपल्या सोयीचं काय, दोन्ही नेमकं एकाच जागी येऊन उभं राहिलं होतं. लोक काहीही म्हणोत. आपल्या मनाला काय सांगायचं?

तो बॉल हातात घेऊन कप्तानापाशी गेला.

"कप्तान, मला खेळायचंय. खूप खेळायचंय. म्हणून बोलतोय की संघासाठी, ते मलाही कळत नाही. पण तू जाऊन सांग. नाही सांगितलंस तर पुढचा बॉल डावीकडे मारतो."

कप्तान त्याच्याकडे बघतच राहिला. "बरी वेळ साधलीस."

"साधली खरी."

कप्तान वळला आणि तडक प्रशिक्षकांकडे गेला.

धाकटा खेळला. सुरुवातीलाच एक बॉल त्याच्या दोन पायांमधून आत गेला, आणि सगळं मैदान हसल्यासारखं त्याला वाटलं. नंतर त्याने एकही जाऊ दिला नाही, पण संघ हरला तो हरलाच. तरी उरलेल्या मॅचना प्रशिक्षकांनी त्यालाच उभं केलं, आणि करारही वाढला. ताई फोनवर रडली. कप्तान मात्र त्याचा फोन उचलेना.

खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर धाकटा न कळवताच त्याच्या घरी गेला. बायकोने दार उघडलं. कप्तान स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी होता, डावा हात झोळीत.

"तो पहिला गोल," कप्तान म्हणाला, "लाज आणलीस. मी असतो तर अडवला असता."

"तो अडवला असतास. वरून आले त्यांचं काय केलं असतंस?"

कप्तानाला हसू फुटलं आणि लगेच तो कळवळला. "हसवू नकोस रे, टाके दुखतात."

मग त्याने उजव्या हाताने दोन कप जवळ ओढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हे तुझे पाय. बघ, केवढी फट ठेवली होतीस!"

धाकटा खुर्ची ओढून पुढे सरकला.