मामांची मुदतवाढ

परीक्षेचा अभ्यास कसा करू नये, याची एखादी परीक्षा सरकारने काढली असती तर आमचे मामेसासरे तीत राज्यात पहिले आले असते. ते हुशार नव्हते असे नाही. शिरूरच्या बाजारपेठेत ज्याचा कराचा कागद त्यांच्या हाताखालून गेला नाही, असे जुने दुकान सापडणे अवघड होते. पण विषय समजणे आणि परीक्षा पास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कधीच पटले नाही. मला ते नको इतके लवकर पटले. म्हणून आज माझ्या दारावर पाटी आहे आणि त्यांच्या दारावर नाही. त्यांच्याविषयी प्रेमाने लिहायला बसलो तरी तोंड कडू होते ते याच कारणाने.

माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. अख्खे शिरूर त्यांना मामाच म्हणते. मी तेवढा हक्काने म्हणतो. विक्रीकराच्या काळापासून आम्ही दोघे एकाच धंद्यात होतो, ते शिरूरला आणि मी दौंडला. दुकानदारांची रिटर्न भरायची, नोटीस आली की उत्तर लिहून द्यायचे, एवढाच धंदा. जीएसटी आला तेव्हा आमच्यासारख्या जुन्या माणसांना सरकारने नव्या यादीत घेतले, पण एक अट घातली. ठरलेल्या मुदतीत परीक्षा पास व्हा, नाहीतर नाव कमी. नाव कमी झाले की दुसऱ्याचे रिटर्न भरायचा अधिकार संपला. केस पांढरे झालेल्या माणसांनी पुन्हा पाठ्यपुस्तक उघडायचे, पुण्यात जाऊन संगणकासमोर बसायचे आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. मामांना दुसरे काही येत नव्हते आणि दुसरे काही करायचेही नव्हते. पास होणे किंवा घरी बसणे, एवढेच त्यांच्यापुढे होते.

अभ्यास दोघांनी मिळून करायचा ठरला. दर रविवारी मी चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे मोटरसायकलने शिरूर गाठायचो. बी-बियाणांच्या दुकानावर, जिना चढून, मामांची खोली. मी पोहोचेपर्यंत ते शर्ट काढून खुंटीला अडकवून बनियनवर बसलेले असत. "कायदा वाचताना घाम येतो," ते म्हणायचे, "शर्ट कशाला खराब करायचा?" मग चष्मा कपाळावर सरकवून, पुस्तक नाकाशी धरून ते एक वाक्य मोठ्याने वाचत आणि त्या वाक्याशी भांडायला लागत. कायदा वाचणे म्हणजे कायद्याला जाब विचारणे, अशी त्यांची समजूत होती. विकणाऱ्याने कर भरला नाही तर घेणाऱ्याला त्याची सूट मिळत नाही, या नियमावर आमचा अख्खा रविवार गेला. "म्हंजी पुढच्यानं घोटाळा करायचा आन् मागच्यानं कान धरायचा? हे ज्यानं लिव्हलं त्यानं कवा दुकान चालवलंय का?" मी म्हणालो, "मामा, परीक्षेत नियम काय आहे एवढंच विचारतात. बरोबर आहे का, ते विचारत नाहीत." मामांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू भाचीला चुकीच्या घरी दिल्याचे त्यांना आत्ता कळले. पुढच्या रविवारी गेलो तर पान उलटलेले नव्हते. दिल्लीला पाठवायच्या हरकतीचा मसुदा मात्र तयार होता, आणि तो चांगला झाला होता.

कलमांचे आकडे त्यांच्या डोक्यात राहत नसत, माणसे राहत. नोंदणी रद्द कधी होते, असे विचारले की ते म्हणत, "न्हावऱ्याचा कापडवाला." दंडाचे कलम म्हटले की "आपला हार्डवेअरवाला, थोरला. धाकटा न्हवं, धाकटा गुणाचा हाय." मी म्हणायचो, "मामा, कलम सांगा." ते म्हणायचे, "त्योच कलम हाय." चहा घेऊन आलेल्या मामी एकदा हे ऐकत उभ्या राहिल्या. "ह्यांना समदा बाजार पाठ हाय," त्या मला म्हणाल्या, "पन परीक्षेला बाजार येनार हाय का?" मामा म्हणाले, "बाजार न्हाई तर कर कुनाचा घेनार हायेत?" मामींनी कप ठेवला आणि जाता जाता म्हणाल्या, "भांडा. पुस्तक काय उलटून बोलत न्हाई, म्हनून बरं चाललंय तुमचं."

माझी पद्धत वेगळी होती आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते. मी जुने प्रश्नसंच आणले होते. प्रश्नाचे पहिले दोन-तीन शब्द आणि उत्तराचा पर्याय, एवढेच पाठ करायचे. मधले वाचायचे नाही, कारण मधले वाचले की शंका येते. मामांना मी हीच युक्ती शिकवायला गेलो. मालवाहतुकीत माल खराब झाला तर कराची सूट मिळते का, असा एक सोपा प्रश्न होता. मामा म्हणाले, "माल कुनाचा? कशानं खराब झाला? बिलं कुठायत?" मी म्हणालो, "चारपैकी एक सांगा." ते म्हणाले, "कागद बघितल्याबिगर मी कुनाला कायबी सांगत न्हाई. त्यांना म्हनावं, आधी कागद घिऊन या." त्यांच्या खोलीत आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आयुष्यभर हेच सांगितले होते आणि त्याच वाक्याने कित्येकांना दंडातून वाचवले होते. परीक्षेतला संगणक कागद घेऊन येणारा नव्हता, एवढाच फरक.

पहिल्या परीक्षेच्या दिवशी आम्ही शिरूरहून माझ्या चारचाकीने पुण्याला निघालो आणि शिक्रापूरला अडकलो. शिक्रापूरला अडकणे हे काही नवीन नाही. पुढे ट्रक, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या बसगाड्या. मी घड्याळ बघत उत्तरे पुटपुटत होतो. तेवढ्यात मामा दार उघडून खाली उतरले आणि शेजारच्या ट्रकच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. "भैया, ई-वे बिल कब तक का हाय?" कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, असा माणूस भर रस्त्यात कागद मागतो म्हटल्यावर ड्रायव्हर घाबरला. "सब बराबर है साहब," म्हणून त्याने सगळी फाइलच पुढे केली. मामांनी ती उभ्याउभ्या तपासली, माल नेण्याच्या त्या परवान्याची मुदत कधी संपते ते त्याला समजावले, "लवकर पोच, न्हाईतर पुढं पकडतील" असे बजावले आणि खुशीत परत आले. "बघा, झाला का न्हाई ह्यो धडा पाठ?" मी चिडून म्हणालो, "मामा, पुस्तकात होता की तो." ते म्हणाले, "पुस्तकातल्या ट्रकला चाकं नसत्यात, जावईबापू."

पेपर सुटल्यावर विचारले, कसा गेला? म्हणाले, "ई-वे बिलाचा प्रश्न आला व्हता. लई बेकार इचारला व्हता." मग हळूहळू कळले की जिथे पूर्ण खात्री नव्हती ते सगळे प्रश्न त्यांनी सोडून दिले होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, काहीतरी ठोकून द्या, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितले होते. मी तेच केले होते. ते पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत म्हणाले, "अंदाजानं कुनाचं रिटर्न भरलंय का मी कवा?" निकाल लागला तेव्हा ते थोडक्यात नापास झाले होते. मी पास झालो होतो, अंदाजाने. त्यांनी मला पेढा भरवला. तो गिळताना मला जे झाले ते मी बायकोलाही सांगितलेले नाही.

तरीही वेळ गेली नव्हती. मुदत संपायच्या आत शेवटची एक परीक्षा होती आणि तिचा अर्ज भरायचा होता. इथे आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला ती पटत नाही. आमच्याकडे शेवटची तारीख ही शेवटची नसते. तारीख जवळ आली की दुकानदार जागे होतात, सगळे एकदम कागद आणून टाकतात, सरकारचे पोर्टल अडकते, गावोगावच्या सल्लागारांच्या संघटना निवेदने पाठवतात आणि संध्याकाळी बातमी येते: मुदत वाढली. आमच्या पिढीने याच भरवशावर जेवणे केली आणि लग्ने लावली. मामांची तर यावर देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. सकाळी पोर्टल उघडायला वेळ लागला की त्यांचा चेहरा फुलायचा. "गोल फिरतंय. वाढतीया बरं का." आणि बहुतेक वेळा ती वाढायची. जुन्या माणसांसाठी परीक्षेची मुदतसुद्धा आधी एकदा वाढली होती. त्या वेळी घाई करा म्हणून मी त्यांच्या मागे लागलो होतो आणि तोंडावर पडलो होतो.

या वेळी मी पुन्हा मागे लागलो. "वाढंल, जावईबापू," ते म्हणाले. "आख्ख्या राज्यातली जुनी मान्सं नापास हायेत. सगळ्यांना घरी बसवतील व्हय? मग ह्यांची रिटर्नं कोन भरनार?" मी म्हणालो, तुमचा अर्ज मीच भरून टाकतो. ते जरा ताठ झाले. "माझं मी भरीन. जावयाकडनं अर्ज भरून घ्यायची पाळी अजून आली न्हाई." सासरच्या वडील माणसापुढे जावयाने किती बोलावे याला मर्यादा असते, असे मी स्वतःला सांगितले आणि दौंडला निघून आलो. मर्यादा पाळणे किती सोयीचे असते.

शेवटच्या दिवशी मामा आपल्या खोलीत बेकरीवाल्या शेखचाचांच्या नोटिशीचे उत्तर लिहीत बसले होते. ते उत्तर दुसऱ्या दिवशी दिले तरी चालले असते. मधून मधून ते पोर्टल उघडून बघत होते आणि त्यांना काळजी वाटायला लागली होती, कारण पोर्टल अडखळत नव्हते. सगळ्या वर्षांत तो एकच दिवस ते लोण्यासारखे चालले. हे गोल फिरायला लागले की बातमी येईल, या हिशेबाने मामा थांबून राहिले. ते फिरलेच नाही. अर्जाची खिडकी वेळेवर बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते शर्ट घालून बसले होते, पाहुण्यासारखे. म्हणाले, "शेखचं उत्तर झ्याक झालंय. वाचून बघा." राज्यातल्या सगळ्या जुन्या माणसांना घरी बसवतील का, हा त्यांचा प्रश्न होता. बसवले. रिटर्ने माझ्यासारख्यांनी भरली. कुणाचे काही अडले नाही.

मी म्हणालो, काम तुम्ही करा, नाव माझे लावू. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या नावाआड बसून बाजारात तोंड कसं दाखवू?" त्यानंतर एकेका दुकानदाराला घेऊन ते स्वतः दौंडला यायला लागले. मुलगी सासरी पोचवावी तसे. माझ्यासमोर खुर्चीत बसवून त्याच्यादेखतच त्याचे गुणदोष सांगत. "ह्यो खरं बोलतो, पन उशिरा बोलतो." "ह्याला फोनवर समजत न्हाई, समोर बसवून सांगत चला." शेवटी शेखचाचांना घेऊन आले. चाचा कागदांची पिशवी सोडेचनात. "मामा, तुमच्याकडंच राहू द्या की. दौंड मला लांब पडतं." मामा म्हणाले, "लांब काय, एक एसटी. आन् जावईबापू पास झाल्यात, म्या न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यांच्या पावामधी खोट न्हाई आन् हिशेबामधीबी न्हाई. फकस्त भित्यात लई. नोटीस आली की आधी च्या पाजा, मंग वाचून दावा." पिशवी त्यांनी चाचांच्या हातातून सोडवून माझ्या टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्यावरचा हात काढला नाही.

खोली त्यांनी अजून सोडलेली नाही. सकाळी कुलूप उघडतात, पंखा लावतात, पोर्टल उघडून बघतात. आत जायचा अधिकार गेला असला तरी बाहेरची सूचनांची पाटी कुणालाही दिसते. रिटर्नची तारीख तोंडावर आली आणि मुदत वाढली की सगळ्यात आधी त्यांचा फोन येतो. आवाज इतका मोकळा असतो की फोन कानापासून दूर धरावा लागतो. "वाढली बघा, जावईबापू. म्या म्हनत न्हवतो?" मला ते आधीच कळलेले असते, तरी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखे "हो का, बरं झालं सांगितलंत" म्हणतो. मग फोनमधून त्यांच्या पंख्याची घरघर ऐकू येते. "शेखला सांगा, घाबरू नको म्हनावं. आता टाइम हाय," एवढे बोलून ते फोन ठेवतात. मी सांगतो म्हणतो. शेखचाचांचे रिटर्न मी आदल्या आठवड्यातच भरून टाकलेले असते. ते मामांना मी अजून सांगितलेले नाही.