उजवी खिडकी

"काकू, तुम्हाला ‘ए’ सीट दिलीय. डावी खिडकी. कांचनजंगा तुमचाच," मी म्हणाले.

जाधवकाका खूश झाले. काकू मात्र हळूच म्हणाल्या, "डाव्या डोळ्याने मला दिसतच नाही गं."

कोपरखैरण्यात माझं छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे. काका जवळच्याच पावणे एमआयडीसीतल्या एका फॅक्टरीतून रिटायर झालेले, काकू शाळेतून. मुलगी सिलिगुडीला बँकेत, तिच्याकडे निघाले होते. काचबिंदूने काकूंचा डावा डोळा गेला होता. उजव्याचीही कडेची नजर कमी होत चालली होती. आहे तोवर एकदा बर्फाचा डोंगर बघायचा, एवढंच त्यांचं मागणं.

आमच्या धंद्यात हे गणित सोपं असतं. ‘ए’ म्हणजे डावी खिडकी, ‘एफ’ म्हणजे उजवी. दिल्लीहून बागडोग्राला, म्हणजे सिलिगुडीच्या विमानतळावर जाताना विमान पूर्वेकडे जातं, म्हणजे हिमालय डाव्या हाताला. त्यासाठीच मी त्यांना मुद्दाम दिल्लीमार्गे बुक केलं होतं. पंखावरची रांगसुद्धा टाळली होती.

मी ऑफिसच्या काचेच्या दाराला खुर्ची लावली. "बसून बघा."

काच डावीकडे होती. काकूंनी मान वळवली. मानेचाही त्रास, त्यामुळे ती पुरेशी वळेना. मध्ये नाक आड येत होतं.

"रिक्षा दिसली?"

"आवाज आला," काकू म्हणाल्या.

मी खुर्ची फिरवली. काच उजवीकडे आली, तशी काकूंना समोरच्या मेडिकलची पाटी वाचता आली. म्हणजे डोंगर बघायचा तो परत येताना. विमान पश्चिमेकडे येतं, तेव्हा हिमालय उजवीकडे. दुपारनंतर ढग जमतात, म्हणून मी परतीचं तिकीट सकाळच्या फ्लाइटचं केलं.

"मग दिल्लीला किती वेळ बसायचं?" काकांनी विचारलं.

"बराच. मुंबईचं विमान संध्याकाळचं आहे."

"बसू," काकू म्हणाल्या. विषय संपला.

परतीच्या आदल्या दिवशी एअरलाइनचा मेसेज आला. विमान बदललं होतं, सीटाही बदलल्या होत्या. दोघं डावीकडे, मागे. मी कॉल सेंटरला फोन लावला.

"मॅडम, ऑपरेशनल रीझन आहे. विंडो फुल आहे."

"पॅसेंजरला एका डोळ्याने दिसत नाही."

"मग विंडो कशाला हवी, मॅडम?"

मी फोन ठेवला. त्याच्याशी भांडून सीट मिळणार नव्हती. काही सीटा एअरलाइन एअरपोर्टवर वाटायला राखून ठेवते, त्या लवकर जाणाऱ्याला मिळू शकतात. मी काकूंना फोन केला.

"उद्या लवकर पोहोचा. काउंटरवर डोळ्याचं स्पष्ट सांगा."

"चारचौघांत?"

"हो, काकू. आणि तुम्हीच सांगा. काका सांगतील तर भांडण होईल."

शाळेतही काकूंनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं, हे मला काकांकडून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामात होते, पण लक्ष फोनकडे. दुपारी दिल्लीहून काकूंचा फोन आला.

"सांगितलं गं मी. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल. काउंटरवरच्या मुलीने ‘एफ’ दिली, पण एकच."

"आणि दिसला?"

"दिसला म्हणजे काय! मला वाटलं होतं, ढगांच्या खाली शोधावा लागेल. हा ढगांच्या वर! आधी मला तो ढगच वाटला. मग कडा दिसल्या. खूप वेळ होता गं. मी डोळा पुसायलासुद्धा हात वर केला नाही."

"आणि काका?"

"मधल्या सीटवर होतो," मागून काकांचा आवाज आला. "पुढच्याचं टक्कल बघत आलो."

कुठल्या बाजूने काय दिसतं, हे आता नेटवर कुणालाही सापडतं. बसणाऱ्याला कुठल्या बाजूने दिसतं, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. मी आता ते आधी विचारते. काही जण हसतात. हसू देत.