आक्कानं मागितलेली बाग

शकूताईंचा फोन आला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. शकूताई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, महानंदाआक्काच्या शेजारीण. दोघींच्या घरांची मधली भिंत एकच. पण गेली दोनेक वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. त्या शकूताई फोनवर म्हणत होत्या, "दादा, लगेच या. महानंदा दार उघडंना." शुक्रवार पेठेतून रिक्षा करून मी जुळे सोलापूरला पोचलो, तोवर शेजाऱ्यांनी मागचं दार उघडलं होतं. आक्का अंथरुणात कुशीवर होती, झोपल्यासारखी. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले. शकूताई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं, तर पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "आज नळाला पाणी आलं. तिच्या बादलीचा आवाजच न्हाय आला…"

आम्ही मूळचे मंद्रूपचे. घरची शेती कोरडवाहू, आणि मुलीनं शिकायचं म्हणजे भांडूनच. आक्का भांडली आणि नर्स झाली. पहिल्या पगारातून तिनं मला सोलापुरात शिकायला आणलं. सरकारी दवाखान्यात तिचा दरारा मोठा होता. रात्रपाळीला वॉर्डात कुणी बिडी पेटवली, तर ती काही न बोलता समोर जाऊन उभी राहायची. बिडी आपोआप विझायची. बोलायला लागली की मात्र जीभ तिखट. भाऊजी एसटीच्या कार्यालयात कारकून, स्वभावानं अगदी गरीब. जुळे सोलापुरात सगळं उघडं माळरान होतं तेव्हा दोघांनी तिथं घर बांधलं. शेजारचा प्लॉट शकूताईंच्या यजमानांचा. कापडाचं दुकान जोरात चालायचं तेव्हा त्यांनी हौसेनं मोठं घर बांधलं, आणि पुढं दुकान बसलं, ते स्वतः अकाली गेले. घर मोठं, पेन्शन नाही. अक्कलकोटकडच्या शकूताईंनी मग ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी करून विकायला सुरुवात केली. दुपारी आक्का ड्यूटीवरून आली की शकूताईंच्या पुढच्या खोलीत दोघींचा चहा ठरलेला. एक कानडी हेलात बोलायची, दुसरी मंद्रूपच्या भाषेत. हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

त्यांच्या वसाहतीत बागेसाठी राखलेली एक मोकळी जागा होती. तिथं वेड्या बाभळी माजल्या होत्या, कचरा पडायचा. फिरायला जायचं तर मोठ्या रस्त्यानंच. निवृत्तीनंतर भाऊजी रोज संध्याकाळी त्या रस्त्यानं जायचे. एकदा भरधाव मोटारसायकलनं त्यांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्यांचं फिरणं म्हणजे वॉकर घेऊन हॉल ते स्वयंपाकघर. "हितं झाडं कुटं दिसनात बघ," असं ते मला एकदा हसत म्हणाले, पण ते हसणं मला सहन झालं नाही. वर्षभरात ते गेले. आणि आक्कानं ती बाग मनावर घेतली.

एक वाट होती. वसाहतीतल्या बहुतेक घरमालकांनी संमती दिली, तर त्या भागापुरता घरपट्टीत थोडा जादा आकार बसवायचा आणि तो पैसा त्याच भागाच्या सोयींवर खर्च करायचा. बाग, फिरायचा रस्ता, दिवे, बसायला बाकं. आक्का दारोदार फिरली. घरं भाड्यानं देऊन पुण्याला गेलेल्या मालकांना तिनं फोन केले. भाडेकरूंना बाग हवी होती, पण त्यांच्या संमतीला किंमत नव्हती. मालकांना किंमत होती, पण त्यांना बाग कशाला हवी? एक निवृत्त प्राध्यापक तर तावातावानं म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं टॅक्स भरतोय, तो कुठं गेला ते आधी सांगा." प्रश्न रास्तच होता. आक्काचं उत्तर एकच, "त्याचा हिशोब मागत बसलो तर आपन सगळी वर जाऊ, सर. मग फिरा तिकडं." हळूहळू माणसं वळली.

वळल्या नाहीत त्या फक्त शकूताई. जादा आकार घराच्या मापावर, सगळ्यांना एकाच दरानं बसणार होता, आणि त्यांचं घर गल्लीत सर्वांत मोठं. त्यांनी आधी एकांतात सांगितलं असावं, आक्कानं ते मनावर घेतलं नसावं. मंदिराच्या सभामंडपात बैठक होती, मी आक्काला सोबत म्हणून गेलो होतो. शकूताई भीत भीत उठल्या. म्हणाल्या, "बाग मलाबी पायजे की. पर घर मोठं हाय म्हनून माझ्याकडं पैसा मोठा न्हाय." महिनोन्महिने वणवण केलेली आक्का थकली होती, चिडली होती… तिच्या तोंडून निघून गेलं, "कर सगळ्यांना सारखा. तुला जड जात आसंल तर चार भाकऱ्या जास्त थाप की!"

लोक हसले. आक्काचं वाक्य एक वेळ शकूताईंनी पोटात घातलं असतं, ते हसणं त्यांना घालता आलं नाही. त्या चपला घालून निघून गेल्या. ठराव झाला, संमती पुरेशी भरली आणि पुढच्या बिलात सगळ्यांना जादा आकार लागून आला.

त्यानंतर शकूताईंनी पुढची खोली भाड्यानं दिली. दोघी चहा प्यायच्या ती खोली. एका दुपारी आक्का नेहमीच्या पायऱ्यांशी गेली, तर दाराशी परक्या माणसांच्या चपला. ती तशीच परत फिरली. मला फोन करून म्हणाली, "आरं, माझ्या बागेपायी तिची खोली गेली." आवाज इतका बारीक होता, की मला आधी ओळखूच आला नाही. शकूताईंच्या वाटचा आकार आपण भरू, म्हणून तिनं एका बाईकरवी निरोप धाडला. उत्तर आलं, "माझ्या घराची पट्टी मी भरीन." संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेली, भाडेकरणीनं दार उघडलं, शकूताई आतून आल्याच नाहीत. मग तिनं पुन्हा बैठक बोलावली. पगार नाही, पेन्शन नाही, अशा घरांचा भार बाकीच्यांनी वाटून घ्यावा म्हणाली. तेच प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "सिस्टर, कर सगळ्यांना सारखा, हे तुमचंच वाक्य आहे." कुणी हात वर केला नाही. आक्का, जिला कधी शब्द अपुरा पडला नाही, ती खाली बसली.

बाग मात्र झाली, आणि चांगली झाली. बाभळी गेल्या, कडुनिंब आणि करंज लागले, फरशीचा रस्ता झाला. वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना मोकळी हवा मिळाली, सुना संध्याकाळी लेकरं घेऊन येऊ लागल्या. लोक आक्काला 'बागेच्या मावशी' म्हणू लागले. मी शेवटचा भेटलो तो तिथंच. ती एका कडेच्या बाकावर बसली होती. मी कौतुक केलं, तर समोर बघत म्हणाली, "ह्यांना फिरायला पायजे हुती, ते न्हाईत. शकूसंगं बसायचं हुतं, ती येत न्हाय. बाग तेवढी झाली बघ…" मी म्हटलं, परत जाऊन बोल तिच्याशी. "जाईन की," ती म्हणाली. आठवडाभरानं फोन आला, तो शकूताईंचा.

दिवसकार्य उरकलं. आक्काचा मुलगा, माझा भाचा, पुण्याला परतला, आणि घर झाडून घ्यायला मी एका संध्याकाळी गेलो. कुलूप लावून निघालो, तर शकूताई त्यांच्या फाटकात उभ्या. इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "दादा, मला जरा बागेत न्हेता का? एकटीला पाय उचलंना."

आम्ही गेलो. त्या सावकाश चालल्या, प्रत्येक झाडाशी थांबत. एक फेरी झाल्यावर बाकावर टेकल्या. "लई चांगली झालीया की," म्हणाल्या. आणि बाकावरून हात फिरवत, "तिचंबी खरंच हुतं, दादा. माजंबी खरंच हुतं. भांडायला तरी यायचं हुतं की मी… आलेच न्हाय." दिवे लागले. शेजारच्या बाकावरची एक तरुण बाई, नवीन भाडेकरू असावी, लेकराला सावरत आपुलकीनं म्हणाली, "मावशी, पहिल्यांदाच दिसताय. कुठं राहता?"

शकूताईंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मी व्हय? मी महानंदाची शेजारीण."