दादाच्या टाकीतले मासे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. अजून कुठे काचेची टाकी दिसली की माझी नजर आधी तिच्या तळाशी जाते.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मालवणात आमची होडी होती, आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, रंगीत मासे पाळायचं वेड. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांतून तो ते पकडून आणी. माजघरात मोठी टाकी होती. तिला समुद्राचं ताजं पाणी लागे, ते आणायचं काम माझं.

त्या वर्षी दादाचं लग्न झालं. वहिनी कणकवलीकडची, शेतकऱ्याची मुलगी. असे मासे तिने कधी बघितलेच नव्हते. काम आटोपलं की टाकीसमोर बसून राहायची. आणि मासे मरायला लागले. अंगावर ना जखम, ना डाग. दादाने पंप बदलला, वाळू बदलली — काही उपयोग नाही. शेवटी आई बोललीच, "नजर वायट आसा तिची."

मी हसलो होतो. खरंच हसलो होतो — आधी.

मग एकदा पाण्याचा कॅन आतून घासला आणि माझ्या बोटांवर फोड आले. होडीच्या लाकडाला आम्ही काजूच्या टरफलांचं तेल लावतो; ते कातडी जाळतं. पाण्याचा जुना कॅन फुटला होता, नवा कोण आणणार म्हणून मी तेलाचाच कॅन विसळून वापरत होतो. विसळून जातं का ते तेल? फोड बघितले आणि मला सगळं कळलं.

वहिनी तेव्हा घरातच होती. म्हणाली, "भावजीनू, मी कायएक करूक नाय. तुमी तरी आईंका सांगा." मी हात पाठीमागे घेतला. कशासाठी — दादा रागावेल म्हणून? हो. एवढ्याचसाठी.

थोड्याच दिवसांत तिला माहेरी पाठवलं. ती गेली त्याच दिवशी मी बाजारातून नवा कॅन आणला — आणि मासे मरायचे थांबले. आईला आणखी काय पुरावा हवा होता? तो मीच दिला.

पुढे दादा तिला परत घेऊन आला. पण माजघरातून ती मान खाली घालूनच जायची. त्यांची मुलगी चालायला लागली, टाकीपाशी उभी राहून आईला हाका मारायची. एकदा वहिनी तिला शांतपणे म्हणाली, "तूच बघ गो. मी बघलंय तर ते मरतत."

मी समोरच बसलो होतो. चहा संपवला आणि बाहेर गेलो.