ताईंचा बोकड

वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीची पानं लावणाऱ्या या गृहस्थाला कचेरीत सगळे ‘कात्री’ म्हणत. लेख जागेत मावला नाही की ओळी कापायच्या, हे त्याचं काम. लेखक मंडळी त्याला ओळखत नसत, नुसत्याच शिव्या देत. त्याच्यावर परिणाम शून्य. बायको म्हणे, “यांच्याशी भांडण्यापेक्षा भिंत बरी. ती निदान उन्हाळ्यात गार तरी असते.”

ताईंचं सदर याच पुरवणीत येई. लोक पुरवणी घेत ती त्यांच्यासाठी; बाकीची पानं कपाटात अंथरायला बरी पडत. सुरुवातीला कात्रीने त्यांचं एक लाडकं वाक्य उडवलं, तेव्हा ताई कचेरीत येऊन थेट त्याच्या टेबलावर बसल्या आणि तह झाल्यावरच उठल्या. तेव्हापासून त्या प्रत्येक लेखात एक रटाळ परिच्छेद मुद्दाम घालत, कापण्यासाठी. मग फोन. “कात्री, बोकड पाठवलाय. बाकीच्या कळपाला हात लावशील तर याद राख!” तो बोकड कापी, मग फोन लावून उरलेला लेख वाचून दाखवी. “बरं केलंस, मेल्या,” म्हणून ताई फोन ठेवत. ही सोय ताईंच्या यजमानांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

या खेपेला लेख आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गेल्या. संपादक डोळे पुसत आले. “शेवटचा लेख आहे. अक्षराला हात लावायचा नाही. लागेल तेवढी जागा घे.”

बोकड नेमका शेवटी बांधलेला. विषय : छत्र्यांच्या मुठी पूर्वी कशा असत. म्हणजे ताईंचे शेवटचे शब्द म्हणून लोक आता हेच जपून ठेवणार.

कात्रीला रडू आलं नाही. चहा गार होता हे तो संपल्यावर कळलं. मग हाताने सवयीने फोन लावला. यजमानांनी उचलला.

“साहेब, बोकड शेवटी आहे.”

“कशावर?”

“छत्रीच्या मुठी.”

“हं. कंटाळवाणा विषय सुचवा म्हणाली. मीच सुचवला.”

“संपादक कापू नको म्हणतात.”

“ती काय म्हणाली असती?”

“शिव्या दिल्या असत्या.”

“मला तशा जमत नाहीत,” यजमान म्हणाले. “कापा.”

त्याने कापला. उरलेला लेख वाचून दाखवला. “बरं केलंत,” यजमान म्हणाले. ‘मेल्या’ राहिलंच.

लेखाखाली चार बोटं जागा उरली. फोटो ताणता आला असता, एखादी जाहिरातही बसली असती. कात्रीचा हात उठला नाही. संपादकांनी लेख वाचला नव्हता, डोळे भरून येत होते म्हणून. ते पानाकडे बघत राहिले.

“ही मोकळी जागा... पोकळी! फार सूचक केलंस.”

“हो,” कात्री म्हणाला.

रविवारी त्या कल्पनेबद्दल संपादकांचं खूप कौतुक झालं.

पुढच्या आठवड्यात त्या जागी नवे लेखक आले. लेख अगदी मापात होता. तरी कात्रीने तो पुन्हा पुन्हा वाचला, कुठे काही कापण्यासारखं सापडतंय का म्हणून.